आंबिया बहाराचा व्हिडिओ

अचलपूरच्या अलीकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. तो दादा पाहतो. मी अकोल्यात नोकरीला. हल्ली गावी जाताना तो दिसू नये म्हणून मी एसटीत पलीकडच्या खिडकीशी बसतो. तरी त्यातली वाळलेली झाडं दिसतातच.

थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात. झाड कोमेजलं, थोडी पानं गळली की पुन्हा पाणी सोडायचं. मग झाड फुलांनी भरतं, आंबिया बहार फुटतो. याला ताण देणं म्हणतात. ताण कधी मोडायचा, हे दादा झाडाकडे बघून ठरवायचा. त्या वर्षी मी त्याला एक व्हिडिओ पाठवला. ताण लांबवा, फुलं जास्त येतील, असं एक बागायतदार सांगत होता. खाली कॉमेंटमध्ये सगळे वाहवा करणारे. मी अर्धाच पाहिला होता.

काही दिवसांनी दादाचा फोन आला. "पानं लयच गळून राह्यली रे. तुही वहिनी म्हणते, पाणी सोडा."

"वहिनीले काय समजते त्यातलं?" मी हसलो. "थांब अजून. एवढे लोक करून राह्यले, ते काय येडे हायत?"

"बरं, थांबतो. तू पाहूनच धाडलं असंन."

पाणी सोडलं तेव्हा उशीर झाला होता. फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या. अर्धा बगीचा गेला.

मग मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. माणूस खोटं बोलत नव्हता. अखेरीस त्याने काळी, चिकट माती मुठीत धरून दाखवली. हे भारी जमिनीसाठीच, हलक्या रानात करू नका, म्हणाला. आमचं रान मुरमाड आहे. लहानपणी त्यातले दगड मीच वेचलेत.

गावी जाऊन मी हे सांगितलं.

"म्हणजे तू पाह्यलाच नोयता," दादा एवढंच म्हणाला.

वहिनी चहा ठेवायला उठली. "मले काय समजते म्हना त्यातलं," जाता जाता ती म्हणाली. फोनवरचं माझं बोलणं तिने ऐकलं होतं.

तरी अजून काही आलं की दादा मलाच पाठवतो. परवा एका फवारणीच्या औषधाचा व्हिडिओ होता. सोबत त्याचा प्रश्न, 'हे खरं हाय का?' सांगणारा कुठला, जमीन कोणती, औषध विकतो कोण, सगळं मी शोधलं. खात्री पटेना. मी फोन केला.

"दादा, मले नाही सांगता येत."

"मंग मी कोणाले विचारू?"