डावा काठ

हिवाळ्यात दोन दिवस मी पैनगंगेच्या काठी, उमरखेडच्या जंगलाकडील बाजूस, तंबू ठोकून राहतो. यंदा आमच्या शाळेतले जुने लिपिक एक दिवस सोबत चालायला येणार होते. निवृत्तीनंतर माझ्याशी मोकळेपणी बोलणारे तेवढेच एक गृहस्थ उरले होते, आणि पुढच्या आठवड्यात तेही मुलाकडे बंगळुरूला कायमचे निघाले होते. चालता चालता सहज म्हणावे, ‘जाऊ नका’, असे मी ठरवले होते.

निरोप काटेकोर दिला होता: डाव्या काठावर या. नदी जिकडे वाहते तिकडे तोंड केले की डाव्या हाताला येतो तो डावा काठ. भूगोलात याला दुसरा अर्थ नाही.

सकाळी हाक आली ती पलीकडून, नांदेड जिल्ह्यातून.

“मास्तर! तुमी तिकडं काहून?”

“हा डावा काठ आहे! तुम्ही उजव्या काठावर आहात!”

“कायचा उजवा? नदी येऊन राह्यली तिकडं तोंड केलं, त डावा हाच!”

“वाहते तिकडे तोंड करायचे असते!”

“येनाऱ्याकडं पाठ करून उभं राहाचं? वा रे तुमचा भूगोल!”

त्यांना सोडून गेलेली जीप संध्याकाळी खालच्या गावी थांबणार होती. पूल त्याच्याही पुढे, आणि मधला डोह खोल. तेव्हा आम्ही आपापल्या काठाने सावकाश चालू लागलो. दुपारी समोरासमोर बसून डबे उघडले. त्यांनी ठेच्याची डबी उंच धरली.

“तुमच्या वाट्याचा बी मीच खातो!”

मी हसलो. ते त्यांना दिसले असेल, ऐकू गेले नसेल. पुढे पात्र रुंदावत गेले तशी वाक्ये आखूड झाली, मग नुसते शब्द उरले, आणि शेवटी वर केलेले हात.

खालच्या गावापाशी पात्र पुन्हा अरुंद होते आणि नदी खडकांवरून उतरते. तेथे पाण्याचा आवाज फार. पलीकडे जीप उभी होती. वर्गात बोलत असे तेवढ्याच आवाजात मी म्हणालो, “जाऊ नका.”

त्यांनी कानामागे हात धरला. ‘काय म्हन्ता?’ हे मला ओठांवरूनच कळले.

मी सगळे बळ लावून ओरडलो, “जपून जा!”

हे त्यांना ऐकू गेले. त्यांनी दोनदा मान हलवली आणि ते जीपमध्ये बसले. धूळ खाली बसेपर्यंत मी थांबलो, आणि परत फिरलो.