आत्याच्या कापसातल्या दोन बाटल्या

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही.

त्या वर्षांत मी पत्रकं लिहायचो. कापसाला भाव द्या, खरेदी केंद्रं बंद करू नका, गावातली दारू हटवा. तिन्ही पत्रकं एकाच छापखान्यात, एकाच पिवळ्या कागदावर. दारूवालं पत्रक खेड्यातल्या बायकांनी स्वतःच्या दारांवर चिकटवलं होतं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

आणि त्याच दिवसांत दर रविवारी सकाळी अकरा वाजता यवतमाळातल्या एका वकिलांच्या ऑफिसात बसून मी तीन शहाण्या माणसांना दारूवरून भांडताना बघायचो. वकील आमचे अर्ज फुकट लिहून द्यायचे आणि रविवारशिवाय त्यांना सवड नसायची, म्हणून जावं लागायचं. बाकीचे दोघं म्हणजे लहान मुलांचे एक डॉक्टर आणि कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, म्हणजे जिनिंगवाले, एक शेठ. तिघंही सिंगल माल्टचे शौकीन. नुसती 'विस्की' म्हटलं तरी डॉक्टर दुखावायचे. स्कॉटलंडची, एकाच भट्टीतली, फक्त सातूची, पिंपात निदान दहा वर्षं झोपवलेली, तेवढी खरी. बाकी सगळं त्यांच्या मते रंगवलेलं पाणी.

पिणं म्हणावं तर तेही नाही. डॉक्टर मुलांच्या खोकल्याच्या औषधाची टोपणं आणायचे, पाच एमेलची खूण असलेली. प्रत्येकाला एक टोपण. पाऊण तास त्याचा वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचं, मग वाद. वकील कोर्टाच्या लांब वहीत निकाल लिहायचे. शेठ आयुष्यभर कापूस पारखत आलेले, त्यांची भाषाच वेगळी. "इसका धागा लंबा है, डॉक्टरसाब. गिळल्यावर पण तुटत नाही. मागच्या बाटलीचा धागा आखूड होता, गले में ही टूट गया." पाणी घालायला त्यांचा कडवा विरोध. ओलावा वाढला की माल नापास, हा त्यांचा धंद्यातला नियम, तोच इथं.

विकत घ्यायची बाटली ठरवायला त्यांना तीन-तीन महिने लागायचे. नागपूरच्या दुकानात काय मिळतं, डॉक्टरांचे परदेशातले जावई काय आणू शकतात, दहा वर्षांची घ्यावी की सोळा वर्षांची. बाहेर कापसाच्या गाड्या रस्त्यावर मुक्कामाला आणि आत हे चाललेलं. एकदा मी ओरडलोच. म्हटलं, लाज वाटत नाही का तुम्हाला? गावात हातभट्टीवाल्याला पोलीस फरफटत नेतात, आणि तुम्ही मात्र शौकीन!

वकिलांनी चष्मा पुसला. "राग रास्त आहे. मसुदा कच्चा आहे. बस."

मी बसलो. अर्ज त्यांच्या टेबलावर होता.

त्या हंगामात आमच्या आत्याचा कापूस घरात पडून होता. आत्याचं गाव बुटीबोरीच्या बाजूचं, नागपूर जिल्ह्यातलं. तिकडचं केंद्र दिवाळीपासून उघडलंच नव्हतं. शेठच्या जिनिंगच्या आवारातलं सरकारी केंद्र चालू होतं, पण तेही शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होतं, जागा संपली म्हणून. परत कधी उघडेल ते कुणी सांगेना. आत्याचा टेम्पो शनिवारी पाचच्या आत वजनकाट्यावर चढला तर ठीक, नाहीतर तो कापूस व्यापाऱ्याच्या दारात, तो म्हणेल त्या भावात. एकट्या बाईनं वेचून घेतलेला, पांढराशुभ्र कापूस. मी वकिलांकडे गेलो ते एवढ्यासाठी, की दुसऱ्या जिल्ह्याचा सातबारा चालतो का.

"चालतो," वकील म्हणाले. "शेठ नंबर लावून देतील. पण टेम्पो येणार कोणत्या रस्त्यानं?"

"वर्ध्यावरून. मग देवळी, कळंब."

तिघांनी एकमेकांकडे असं बघितलं की मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

भानगड अशी होती. जावयांनी आणलेल्या दोन बाटल्या नागपुरात येऊन पडल्या होत्या. एकाच बेटावरच्या, एकाच भट्टीच्या, एक दहा वर्षांची, एक सोळा. आणि नागपूर-यवतमाळच्या मधोमध वर्धा जिल्हा, अख्खा दारूबंदीचा, नाक्यावर मोटारी उघडून बघणारा. अमरावतीकडून फिरून आणावी तर डॉक्टर म्हणाले, त्या रस्त्याच्या खड्ड्यांनी माल्ट थकतो. थकतो! इथं माणसं थकली होती.

"कापसासारखी मऊ जागा नाही," डॉक्टर म्हणाले. "अगदी कापसात ठेवल्यासारख्या येतील."

मी नाही म्हणालो. मग शेठ हळूच म्हणाले, "नंबर तो मैं लगा ही दूंगा बेटा. पहला नंबर." आणि मी हो म्हणालो. दारूबंदीचं पत्रक लिहिणारा मी. कारणं खूप देता येतील, पण देत नाही.

शनिवारी पहाटे डॉक्टरांबरोबर मी आत्याच्या अंगणात उभा होतो. डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या दुपट्यात गुंडाळल्या होत्या. आत्यानं विचारलं, "हे काय होय रे?"

"डॉक्टरांचं औषध आहे."

"मंग त्याच्या गाडीत काहून नाही नेत?"

"ऊन लागतं," डॉक्टर घाईनं म्हणाले. "आणि उभ्याच ठेवा हं, आडव्या नको."

आत्यानं कपाळाला आठी घातली, पण डॉक्टर माणूस, बोलणार काय. बाटल्या कापसात उभ्या रोवल्या, आणि डॉक्टर रिकाम्या गाडीतून ताठ मानेनं वर्ध्याच्या नाक्याकडे निघून गेले. मी त्यांच्याबरोबर गेलो, यवतमाळात रांगेत उभं राहायला.

दोन गोष्टी नडल्या. एक डॉक्टरांना माहीत नव्हती: कापूस टेम्पोत नुसता भरत नाहीत, तुडवतात. माणसं वर चढून नाचल्यासारखी पाय आपटतात, तेव्हा कुठं माल बसतो. दुसरी गोष्ट त्यांनी माझ्यापासून लपवली होती. नागपुरात जावयाचा भरवसा नको म्हणून त्यांनी दोन्ही बाटल्या उघडून हुंगल्या होत्या आणि बुचं हातानं दाबून बसवली होती.

टेम्पो तीनला आला. शेठनं शब्द पाळला, पहिला नंबर. जिनिंगच्या गेटवर माणसाच्या खिशातली माचिससुद्धा काढून घेतात. एक ठिणगी पडली तर आवारातल्या कापसाच्या सगळ्या गंज्या राख, म्हणून. तिथं कापसाची प्रत ठरवणारे सरकारी ग्रेडरसाहेब टेम्पोकडे आले. माणूस कडक. तोंडातला खर्रा थुंकून, चूळ भरून मगच कापूस हातात घ्यायचे. वरून एक मूठ, मधून एक, खालून एक. पहिली मूठ ओढून बघितली, मान हलवली. पास. मधली मूठ नाकाशी नेली आणि गडी जागच्या जागी गोठला.

"धूर."

दुसऱ्यांदा हुंगलं. "आतून धुमसते हे. आग आहे! पाइप आना रे!"

घंटा वाजली. हमाल पळाले, वाळूच्या बादल्या आल्या, मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर गाड्या मागे घेऊ लागले. आत्या टेम्पोच्या फाळक्याला लटकून ओरडत होती, "आग कायची बाप्पा, मी आताच त्याच्यावर बसून आली!"

आणि मला उलगडलं. ती दारू ज्या बेटावर होते तिथं म्हणे दलदलीतल्या मातीचं वाळवलेलं सरपण जाळून त्याच्या धुरावर सातू वाळवतात. रविवारी किती वेळा ऐकलं होतं: धूर, आयोडीन, दवाखान्यातली पट्टी. तोच वास. चार घरं पलीकडे जाईल असा.

तिघं शौकीन गंजीच्या आडोशाला उभे होते. मी धावत गेलो. "सांगा त्यांना! पाणी मारलं तर कापूस गेला!"

"तू काही बोलू नकोस," वकील कुजबुजले. "वर्धा जिल्ह्यातून वाहतूक. कलमं माझ्या तोंडपाठ आहेत, म्हणून सांगतो."

डॉक्टरांनी मात्र टेम्पोमागे जाऊन मूठभर कापूस उपसून आणला होता. डोळे मिटून हुंगत होते. "सोळा," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "सोळा गेली. बघा, मागून मनुका येतोय."

शेठनं मूठ हिसकावली. "मनुका कुठला? हे तर दहा आहे. धागा आखूड आहे."

"शेठ, तुमचं नाक सरकीत गेलंय!"

"एक मिनिट, मला बघू द्या," वकील म्हणाले, आणि त्यांनीही नाक खुपसलं.

म्हणजे पाण्याचा पाइप उलगडतोय, आत्या छाती बडवतेय, आणि हे तिघं कापसाची मूठ नाकाशी धरून दहा की सोळा ठरवताहेत. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा कोणत्याही मंत्र्याचा आला नाही. पण टेम्पोत त्या बाटल्या मीच ठेवू दिल्या होत्या.

पाइपवाला समोर आला तेव्हा आत्या टेम्पोत चढून कापसावर पालथी पडली. "टाक! आधी माह्यावर टाक पानी!"

"थांबा!" मी ओरडलो. "आग नाही. दारू आहे. कापसात दारू सांडली आहे."

पाइपवाल्यानं पाइप खाली केला. ग्रेडरसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. परवाच मी त्यांना पत्रक दिलं होतं.

"तुमीच ना ते? दारू हटाववाले?"

"हो."

"अन् दारूले असा वास येते? मले शिकवता? आमच्या बापानं जल्मभर घेतली. असा वास कधी आला नाही."

"ही वेगळी आहे, साहेब. महाग आहे."

"महाग दारूले जळक्या लाकडाचा वास? मंग लोक पेतात कायले?"

 

मी टेम्पोत चढलो, कोपरापर्यंत हात घातला. एक बाटली रिकामी निघाली, तिचं बूच बाजूला पडलेलं. दुसरी भरलेली. मी ती वर धरली. खालून डॉक्टर किंचाळले, "सोळा! सोळा वाचली! शेठच बरोबर होते!"

त्यांनी स्वतःच कबुली दिली, हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

ग्रेडरसाहेबांनी बाटली घेतली. हुंगली. नाक वाकडं केलं. "वास सारखा दिसते. पन वल्या मालाचा वास अन् वाळलेल्या कापसाचा वास येक नसते. नमुना कराव लागीन."

"कसला नमुना?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"माह्या पद्धतीनं. तीन जाग्याच्या तीन मुठी कोरा कापूस. त्याच्यावर हे टाकू. पिळू. उन्हात वाळू देऊ. मंग लावू नाकाले. जुळला त माल घेतो. नाही जुळला त पानी."

"थेंब थेंब टाका हो साहेब," शेठ विनवू लागले. "नमुन्यापुरतं."

"थेंबानं कापूस भिजते का शेठ? धंदा तुमचा, अन् मले इचारता."

त्यांनी ओतली. पहिल्या मुठीवर, दुसऱ्या मुठीवर, तिसऱ्यावर. कापूस पीतच राहिला. ज्या दारूचं टोपण हे लोक पाऊण तास हुंगायचे, ती सोळा वर्षं झोपलेली बाई गळगळ करत रुईत गेली. साहेबांनी मुठी पिळल्या, हात पँटीला पुसले आणि तीन गोळे टीनपत्र्यावर उन्हात मांडले. वकील छपरीखाली खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळ्यांवर रुमाल टाकला. डॉक्टर पत्र्याजवळून हलेनात. वाळताना वास बदलतोय, म्हणाले, हे कुणीतरी लिहून घ्यायला हवं.

साडेचार वाजले. आत्या टेम्पोतच बसून होती, माझ्याकडे न बघता. पावणेपाचला साहेबांनी परत चूळ भरली, एका हातात पत्र्यावरची मूठ, दुसऱ्या हातात टेम्पोतली. एक नाकाशी, मग दुसरी. मागच्या गाड्यांवरचे लोकही माना लांब करून बघत होते.

"येकच आहे," साहेब म्हणाले. "आग नाही. वास लागलेला काढा, बाकी काट्यावर घ्या."

दोन कवळे कापूस खाली फेकला. टेम्पो पाच मिनिटं बाकी असताना काट्यावर चढला. आत्यानं काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, हातात घेतली, घडी घालून कमरेला खोचली, आणि मग पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"औषध होय म्हने."

मी फाळक्याची कडी लावू लागलो.

"मीनंच तुडवला तो कापूस. मीनंच नाचली त्या दारूवर. अन् तू सांगतलं नाही."

तिघं शौकीन आता फेकलेला कापूस आणि नमुन्याचा कापूस शेजारी शेजारी ठेवून वास ताडून बघत होते. आत्यानं तिकडे एकदाच बघितलं. मग तिचं लक्ष स्वतःच्या लुगड्याकडे गेलं. तिनं पदर हुंगला. टेम्पोचा फाळका हुंगला. ताडपत्री हुंगली.

"आता वर्ध्यातून वापस जाचं आहे," ती म्हणाली. "असा वास घिऊन. चाल, मागं बस."

"मी? माझं काम आहे इथं, आत्या."

"बस म्हनलं ना."

रिकाम्या टेम्पोत ताडपत्रीवर बसून मी निघालो. कळंब गेलं. दिवेलागणीला देवळीच्या अलीकडं हवालदारानं टेम्पो थांबवला, मागे आला, नाक वर केलं.

"काय जळून राह्यलं बे इथं?"

आत्यानं केबिनमधून मान बाहेर काढली आणि माझ्याकडे बोट केलं.

"त्याले इचारा."