रुमालाखालचा शब्द

चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांनी हळूच ओढायची, हाताशी आलेला धागा काळ्या घोंगडीवर ठेवून डोळे बारीक करून पाहायचा आणि मग समोर जो कोणी असेल त्याला विचारायचं, "सांग, राज्य कशानं मोठं होते?"

अमरावतीच्या कापूसबाजारात काकांशी ज्याचं काम पडलं, त्याला हा प्रश्न चुकला नाही. न्हावी म्हणे, फौजेनं. भटजी म्हणत, पूर्वपुण्यानं. एकदा एक शिपाई म्हणाला, "दंडुक्यानं." काकांनी त्याचा दंडुका हातात घेऊन तोलून पाहिला आणि परत दिला. "हलका हाये गड्या. याले तं तुही बायकोबी भ्यायची नाई."

मग उत्तर स्वतःच देत. "शब्दानं! त्या विलायतेत कपाशीचं एक बोंड येत नाई. तरी साऱ्या दुनियेले कपडा तेच लोक नेसवून राहिले. काहून? इथं सौद्याले साहेबानं माहं बोट दाबलं का मुंबईहून जहाज सुटते अन् तिकडं गिरणी फिरते. मधात कोणी इचारत नाई, खरं का खोटं. याले म्हणतात राज्य."

काका दलाल होते. शेतकऱ्याची गाडी आणि व्यापाऱ्याची वखार यांच्या मध्ये उभं राहणारा माणूस. सगळा बाजार त्यांना काकाच म्हणे. मी त्यांच्या नात्याचा नव्हे, जातीचाही नव्हे. पण त्यांच्या ओसरीवर राहून मी इंग्रजी शिकलो, म्हणून माझ्या तोंडीही तेच नाव बसलं.

त्याआधीचे आमचे दिवस सांगतो. आमचं गाव बाळापूरकडचं. जमीन काळी, कपाशी उत्तम, आणि अंगावर कपडा नाही. वडील आणि चुलते या दोघांत बाहेर नेसून जाण्याजोगं धोतर एकच. वडील बाजाराला गेले की चुलते लंगोटीवर शेतात राबत, आणि पाहुण्याची चाहूल लागली की गोठ्यात जाऊन बसत. कापूस पिकवणाऱ्या घरची ही गोष्ट आहे. ती सांगताना मला लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी ते दुसरे आहेत.

मग अमेरिकेत लढाई पेटली. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाड आठवलं. भाव असे चढले की ज्वारीच्या वावरातही लोकांनी कपाशी लावली. वडिलांनी पहिल्याच हंगामात दोन धोतरजोड्या घेतल्या, चुलत्यांना गोठ्यातून बाहेर काढलं आणि मला गाडीत घालून अमरावतीला आणलं. "काका, याले साहेबाची भाषा शिकू द्या. आमाले तं कपाशीचीच येते."

"शिकू दे," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पर पह्यले सांग बाप्पू, राज्य कशानं मोठं होते?"

आता रुमालाची रीत. ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून, दाबून भाव ठरवायचा. शेजारच्याला पत्ता लागत नसे. आणि एकदा दाबलेलं बोट कधी परत घेत नसत. बापानं दाबलेलं बोट मुलानं पाळल्याची उदाहरणं मला ठाऊक आहेत. काकांचा रुमाल मंजिष्ठी, गर्द तांबड्या रंगाचा होता. तो ते काकूंनाही धुवायला देत नसत. "याच्याखाली देव असते," म्हणत.

एका विलायती पेढीचा साहेब बाजारात आला, त्याला ही रीत काकांनीच शिकवली. पहिल्या दिवशी साहेबानं खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला. काकांनी तो दोन बोटांनी बाजूला केला. "साहेब, ये नाक पोछनेका है. इसके नीचे सौदा नहीं होता." साहेब पोट धरून हसला. त्याला हिंदुस्थानी छान येई. काकांच्या ओट्यावर बसून तो ज्वारीचा हुरडा खाई आणि "और थोडा" म्हणून हात पुढे करी. काकूंनी त्याच्यासाठी पितळी पेला वेगळा ठेवला होता. पण ठेवला होता.

पुढे मी मुंबईच्या कॉलेजात गेलो. तिथं राज्यांच्या उदयास्तावर व्याख्यानं होत. सुट्टीत आलो की मी ती काकांपुढे ओती. आरमार, दगडी कोळसा, यंत्रं, व्यापार. काका रुई ओढत ऐकत आणि शेवटी म्हणत, "अन् हे सारं चालते कशावर?" मी पुन्हा आरमारापासून सुरू केलं की काकूंकडे पाहून डोळा मिचकावत. "कॉलेजात अजून तिथवर आले नाई वाट्टे."

लढाईच्या शेवटच्या हंगामात मी सुट्टीवर अमरावतीलाच होतो. मुंबईचे व्यापारी गावोगाव फिरत होते, भावही चांगला देत होते. काकांनी आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना सांगितलं, "कोणाले देऊ नका. साहेबानं बोट दाबलं हाये. साऱ्या गाड्या त्याच्याच वखारीत." लोकांनी मुंबईवाल्यांना परत पाठवलं. माझ्या वडिलांनीही पाठवलं. बोट साहेबाचं होतं, पण विश्वास काकांवर होता.

गाड्या आल्या. साहेबानं त्या आपल्या आवारात घेतल्या आणि म्हणाला, काटा मोकळा झाला की घेतो. एक दिवस गेला, दुसरा गेला. आवाराच्या दारावर पहारा बसला. बैल दावणीला कंटाळले, माणसं गाड्यांखाली झोपू लागली. मागच्या दारानं मात्र साहेबाच्या वखारीतला जुना कापूस मुंबईवाल्यांकडे जात होता. आम्हाला वाटलं, जागा करतो आहे.

जागाच करत होता, पण आमच्यासाठी नव्हे. लढाई संपल्याची बातमी तारेनं त्याला आधीच मिळाली होती. आपला साठा चढ्या भावानं विकून होईपर्यंत आमच्या गाड्या बाजारात जाऊ नयेत, म्हणून त्यानं त्या कोंडल्या होत्या. हे सगळं आम्हाला मागून कळलं. त्याची वखार रिकामी झाली, बातमी बाजारभर झाली, भाव बसला. आणि तेव्हा त्यानं निरोप पाठवला की गाड्या घेऊन जा.

काका मला घेऊन गेले. "तू त्याच्या भाषेत सांग. माह्या सांगण्यात काई कमी पडलं असंल."

मी सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी निर्दोष होतं, याचा मला आजही अभिमान आहे. साहेबानं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "कोणता सौदा?"

"रुमालाखालचा."

"तो पाहणारा एक तरी माणूस आणा."

मी मराठीत सांगितलं. काकांना आधी हसू आलं. "त्याले म्हण, पाहणारा ठेवाचा असता तं रुमाल कायले टाकला असता?"

साहेब हसला नाही. मग काका स्वतःच बोलले, "साहेब, मेरी तरफ देखो." साहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीतच विचारलं, "हा काय म्हणतो?"

इतकी वर्षं हुरडा मागायला ज्याला हिंदुस्थानी येत होती, त्याला त्या दिवशी ती येईना. मी भाषांतर केलं, "ते म्हणतात, माझ्याकडे बघा." साहेबानं बघितलं नाही.

बाहेर गाड्यांपाशी जायला मी निघालो तर काकांनी मला मागे सारलं. स्वतः एकेका गाडीशी गेले. म्हणाले, "घेत नाई तो. माहा हात होता. मले बोला." एकजण ओरडला, "काका, राज्य कशानं मोठं होते? सांगा न आता!" दोघे-चौघे हसले. काका उभे राहिले, ऐकून घेतलं आणि पुढच्या गाडीकडे गेले. शेवटची गाडी वडिलांची होती. वडील म्हणाले, "तुमी काय करान काका? बैलाले पाणी पाजा लागते, सरका जरासे." काकांना तेवढं सहन झालं नाही. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. नाक पुसायला तो त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वापरला.

त्यानंतर त्यांनी रुमाल टाकला नाही. ओट्यावर बसून भाव मोठ्यानं बोलू लागले. व्यापारी चिडत. "काका, म्हातारपणी बाजार नागवा करून राहिले का?" काका म्हणत, "हो. झाकलेलं पाह्यलं न आता." गिऱ्हाईक तुटलं. पण वडील त्यांच्याकडेच येत, आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा भाव बोलत.

पुढच्या हंगामातली सुट्टी संपवून मी मुंबईला निघालो तेव्हा काका अकोल्यापर्यंत बैलगाडीतून सोबत आले. वाटेत साहेबाच्या वखारीवरून गेलो. दारात पुन्हा गाड्यांची रांग होती. त्यात काकांना हसलेले होते, आणि न हसलेलेही. भाव बसल्यापासून मुंबईवाले फिरकत नव्हते, आणि इतका कापूस घेणारा दुसरा कोणी नव्हताच. काकांनी मान फिरवली नाही, सगळी रांग डोळे भरून पाहिली.

अकोल्याच्या स्टेशनात ते तारेच्या खांबाखाली उभे राहिले. वर पाहत म्हणाले, "बाप्पू, माहं उत्तर चुकलं होतं. शब्द तं आपुनबी पाळतो. आपलं कुठं झालं राज्य? ज्याले शब्द मोडता येते, अन् दुसऱ्या हंगामाले लोक पुन्हा त्याच्याच दारात गाड्या लावते, ते राज्य मोठं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे तुह्या कॉलेजात शिकवत नसन. लिहून नको घेऊ. नापास करतीन."

आगगाडी हलली तेव्हा ते अजून तारेकडेच पाहत होते. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. मी परीक्षेला बसलो असताना ते गेले. पदवी घेऊन मी थेट त्यांच्या ओसरीवर गेलो. काकूंनी काळी घोंगडी अंथरली, मी बसलो, आणि कोणीच काही विचारलं नाही.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर आहे. घरात आता प्रत्येकाला आपापलं धोतर आहे. आणि अमरावतीच्या बाजारात काकांच्या ओट्यावर आजही रुमाल टाकत नाहीत. तिथं भाव तोंडानं बोलतात.