निंबाला हात लावायचा नाही

श्रीपत गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. मी बुलढाण्याला मुलाकडे होतो, नुकताच अंघोळ करून बसलो होतो, आणि पलीकडून श्रीपतचा नातू सांगत होता, "आजोबा पहाटे गेले हो मास्तर... झोपेतच." मी फोनवरच ओरडलो, "असा कसा गेला? माझ्याआधी कसा गेला तो?" पोरगा बिचारा गांगरला. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटलं असणार. त्याला काय माहीत, की त्याचा आजोबा आयुष्यात एकदाही सोबत्यांच्या आधी कुठे जाऊन टेकला नव्हता. आता तेरवी होऊन महिना लोटलाय, राग जरा निवलाय, म्हणून हे लिहायला बसलोय.

आम्ही डोणगावचे. तरुण होतो तेव्हा इंग्रज अजून होता, आमचं वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं, आणि मोठा साहेब म्हणजे नागपूरहून येणारा, हे आम्हाला पाठ होतं. त्या काळात गावातल्या चौघांनी पळायचं मंडळ काढलं. श्रीपत माळ्याचा; घरी वांगी, मिरच्या, हिवाळ्यात थोडा गहू. किसन आणि उत्तम हे कास्तकारांचे पोरगे, आणि चौथा मी, गोविंदा, ज्याला सगळे गोंद्या म्हणत. मी नुकताच व्हर्नाक्युलर फायनल पास झालो होतो आणि मास्तरकीची वाट बघत होतो. आम्ही नाव ठेवलं ‘हनुमान धावणी मंडळ’. गाव म्हणायचं ‘पिसाटलेले’. पहाटे धोतराचा काचा मारायचा, अनवाणी निघायचं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आणि ज्वारीच्या मधल्या गाडवाटेनं माळापर्यंत जायचं आणि परत येऊन गावाबाहेरच्या निंबाच्या झाडाला हात लावायचा. संपलं. मग शेकोटी, आणि हुरड्याचे दिवस असले तर हुरडा. पळण्यात काय मजा आहे, असं लोक विचारत. अहो, थंडीनं पाय लाकडासारखे झालेले असतात, आणि मग हळूहळू आपलंच रक्त तळव्यापर्यंत उतरत जातं... त्याची मजा सांगून कशी कळणार? ती ज्याची त्यानं घ्यावी.

एके दिवशी धुकं इतकं होतं की पुढच्याची पाठ दिसेना. मी नेहमीप्रमाणे सगळ्यात मागे. नाल्यापाशी पाय घसरला, खाली पडलो आणि घोटा मुरगळला. तिघं निंबाला हात लावून आपापल्या घरी गेले; गोंद्या परस्पर घरी गेला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. मी नाल्यात कुडकुडत पडलेला, दुपारी एका गुराख्यानं काढला. संध्याकाळी श्रीपत माझ्या घरी आला. माझा सुजलेला पाय पाहिला आणि म्हणाला, "आता ठरलं. जो पयले येईन त्यानं निंबाले हात लावाचा नाई. वाटेकडे तोंड करून उभं राहाचं अन् आवाज द्यायचा. सारे आले का मंगच हात." तेव्हापासून तो नियम झाला. पहिला तर कायम श्रीपतच यायचा. धुक्यातून त्याचा आवाज यायचा, "या रे, याऽऽ... ये बे गोंद्या!" डोळे मिटून मी त्या आवाजाकडे पळत जायचो. मग चार हात एकदम निंबावर. शपथेवर सांगतो, तेवढं सुख मला नंतर पेन्शन मिळाली तेव्हासुद्धा झालं नाही.

संक्रांतीनंतर मेहकरला शर्यत असायची. बाजाराच्या मैदानातून सुटायचं, उतारानं पैनगंगेपर्यंत जायचं, तिथे उभा असलेला कोतवाल कपाळाला गुलाल लावायचा, म्हणजे मधूनच कुणी फिरायला नको. मग चढ चढून पुन्हा मैदानात. तिथे दोन माणसं सुंबाची दोरी धरून उभी. तिला पहिला हात लागेल त्याला तहसीलदाराच्या हस्ते फेटा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा श्रीपत असा सुटला, की त्याच्या मागे नुसता धुरळा! बीबी गावचा एक उंच पोरगा दोन नंबरला, पण तो कुठे आणि हा कुठे. मी चढावर होतो तेव्हा वरून आरडाओरडा ऐकला आणि मनात म्हटलं, झालं, फेटा डोणगावला आला.

फेटा कसला येतो! श्रीपत दोरीपाशी आला, हातभर अंतरावर थांबला, दोरीकडे पाठ केली आणि वाटेकडे तोंड करून ओरडायला लागला, "या रे, याऽऽ!" मैदानाला कळेचना काय चाललंय. लोक ओरडत होते, "अबे हात लाव! काऊन थांबला बे?" तो हसून मान हलवत होता, म्हणजे हाव, हाव, येऊन राह्यले सारे. तेवढ्यात बीबीवाला आला. त्यानं श्रीपतच्या तोंडाकडे पाहिलं, क्षणभर तोही बावचळला, आणि बाजूनं जाऊन त्यानं दोरीला हात लावला. मैदान हसून हसून लोळलं. तहसीलदारसाहेबानं टोपी काढून डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर किसन भडकलेला. "अबे, तो निंब होता का? दोरी होती ते, दोरी!" श्रीपत शांतपणे चालत होता. "दोरी काय अन् निंब काय. पोचनं म्हंजे साऱ्यानं पोचनं," एवढंच म्हणाला. त्याला त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं! पुढे वर्षभर आमची जी टिंगल झाली, ती विचारू नका. आठवडी बाजारात श्रीपत वांग्यांचा ढीग लावून बसला की बायका विचारत, "काय भाऊ, वांगे आत्ता देता का सारे गिऱ्हाईक आल्यावर?" तोही खुशाल म्हणायचा, "साऱ्या या, मंग वाटतो!"

पण घरी हसण्यावारी जाईना. त्याचा थोरला भाऊ सदूदादा कडक माणूस. वडिलांमागे त्यानंच घर ओढलं होतं. हिवाळ्यात भाजीला आणि गव्हाला पहाटेचं पाणी लागतं, आणि पहाटेच हा माणूस माळावर पळत असायचा. दिवाळी झाली तसं दादानं आम्हा चौघांसमोरच त्याला सांगितलं, "हे शेवटचं साल. यंदा फेटा आन. नाई आनला, तं दुसऱ्या दिसापासून पाहाटची मोट तुही. मंग त्या निंबाचं नाव काढाचं नाई." श्रीपतचा चेहरा उतरला. श्रीपतशिवाय मंडळ कसलं? आम्ही तिघं काय निंबापाशी भजन करणार होतो?

आम्ही त्याला परोपरीनं समजावलं. निंबाचा नियम निंबाला, एकदा, फक्त एकदा दोरीला हात लावून टाक! उत्तमनं तर त्याचे पाय धरले. पण श्रीपत म्हणजे श्रीपत. "मले जमनार नाई बे. पाय आपसूकच थांबतात," म्हणाला. मग किसनला अक्कल सुचली. "हा थांबतेच ना? मंग आपुनच लवकर पोचू!" आणि तिघांच्याही नजरा माझ्याकडे वळल्या. कारण उत्तम आणि किसन बरे पळायचे. खरी पीडा मी होतो.

त्या हिवाळ्यात माझे जे हाल केले, देवा! किसनच्या छकड्याला मागून कासरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला. किसन बैल हाकायचा आणि मी मागे पळायचो. बाजाराला निघालेले लोक थांबून विचारत, "काय हो, हे वासरू विकाले काढलं का?" किसन म्हणायचा, "घेता का? दूध नाई देत, पन खाते लय." तुरीच्या खुंटांनी पाय फाटले, आई रोज हळद-तेल लावायची आणि श्रीपतला शिव्या द्यायची. श्रीपत मात्र माझ्या बाजूनं पळायचा. जोरात पळ असं तो कधी म्हणाला नाही. फक्त मिरच्यांचा भाव, म्हशीचं दुखणं, असं काहीबाही बोलत राहायचा, म्हणजे माझं लक्ष माझ्या छातीकडे जाऊ नये.

शर्यतीच्या दिवशी असा गारठा होता की तहसीलदाराची शिटी पहिल्यांदा वाजलीच नाही, नुसती हवा निघाली. मग वाजली आणि सुटलो. श्रीपत वाऱ्यासारखा गेला. किसन, उत्तम त्याच्या मागे. मी उताराला लागलो आणि पाहतो तर काय, बीबीचा तो उंच पोरगा माझ्या खांद्याशी! मला वाटलं, याला झालंय तरी काय, हा तर पुढे हवा. गुलाल लावून वळलो, बाकी गावांचे गडी कधीच मागे पडले, तरी हा माझ्याच बाजूला. मी जोर केला की तो जोर करायचा, मी मंदावलो की तोही. आणि मग तो माझ्याकडे बघून हसला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेकाचा हुशार! श्रीपत थांबणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. श्रीपतला हरवायची त्याला गरजच नव्हती. तो श्रीपतशी पळतच नव्हता हो, तो माझ्याशी पळत होता! दम राखून शेवटी मला मागे टाकायचं, की फेटा त्याचा. मला असा संताप आला की तोंडाला फेस आला.

चढ संपता संपता तो सुटला. माझ्या पुढे एक हात, दोन हात, मग गाडीभर... माझ्या डोळ्यांपुढे श्रीपतच्या नशिबी येणारी पहाटेची मोट दिसायला लागली. आम्ही मैदानात शिरलो आणि गेल्या सालची गंमत पुन्हा बघायला सगळा मेहकर तिथे लोटला होता. श्रीपत खरंच पाठ करून उभा राहिला, तशी गर्दी आवरेना, लोक वाटेवरच घुसले, बाजाराच्या गाड्यांचे बैल बिथरले, आणि असा धुरळा उठला की ना दोरी दिसे ना माणूस. बीबीवाला थबकला. इकडे बघतो, तिकडे बघतो, दोरी कुठे? आणि त्या धुरळ्यातून आवाज आला, "या रे, याऽऽ... ये बे गोंद्या!"

मला दिसायची काय गरज होती? मागचा सगळा हिवाळा धुक्यात त्याच आवाजावर पळालो होतो मी! डोळे मिटले आणि मुसंडी मारली. कुणाच्या तरी टोपलीला धडकलो, कुणाच्या तरी पायावरून गेलो, आणि एका ओळखीच्या घामेजल्या छातीवर आदळलो. चौघांनी एकदम दोरीवर हात मारला. दोरी धरणारा एक जण तिच्यासकट उताणा पडला. बीबीवाला आमच्या मागोमाग आला, कपाळावर हात मारला आणि खो-खो हसत सुटला. दिलदार गडी होता.

तहसीलदारसाहेब म्हणाले, फेटा एक आणि हात चार, यातला पहिला कोण? श्रीपतनं मला पाठीला धरून पुढे ढकललं. "हा पयला, सायेब. हा आला नसता तं आमी कोनीच पोचलो नसतो." आणि साऱ्या मैदानासमोर, मंडळातल्या सगळ्यात मठ्ठ पळणाऱ्या गोंद्याच्या डोक्याला तो केशरी फेटा बांधला गेला. कानांवरून खाली उतरत होता, तरी मी हसत होतो आणि रडतही होतो.

पण फेटा तर श्रीपतनं आणायचा होता! गर्दी पांगली तसा सदूदादा दिसला. भाजीची गाडी घेऊन आलेला, सगळं पाहिलेला. तो सावकाश जवळ आला. "फेटा आनला का?" श्रीपत म्हणाला, "आनला." "मंग कोठी हाये?" "गोंद्याच्या डोक्श्यावर." मी घाईनं फेटा काढायला लागलो, तर श्रीपतनं माझा हात धरला. दादानं फेट्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग गाडीचं जू उचलत म्हणाला, "उद्यापासून पाहाटची मोट मी धरतो. तू पळ." त्या दिवशी गाव जवळ आल्यावर आम्ही गाडीतून उड्या टाकल्या आणि शेवटचा टप्पा पळत गेलो. दादानं गाडी निंबाच्या अलीकडे उभी केली आणि मी येईपर्यंत बैल धरून ठेवले.

त्या एका फेट्यात आम्हा चौघांची लग्नं लागली. पुढे किसन गेला, उत्तम गेला. श्रीपत आणि मी उरलो. पळणं सुटलं, नियम सुटला नाही. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर चहा. मी पोचेपर्यंत तो कपावर बशी झाकून, रस्त्याकडे तोंड करून बसायचा. त्याला चिडवायला मी मुद्दाम उशिरा जायचो, आणि तो लांबूनच ओरडायचा. तेरवीला गेलो तेव्हा सून सांगत होती, "शेवटच्या दिवशीही कप तसाच झाकून ठेवला होता. तुम्ही बुलढाण्याला आहात म्हणून सांगितलं, तरी म्हणे, येऊ दे त्याले." चहा सांडून द्यावा लागला म्हणाली.

तिथून काठी टेकत एकटाच निंबापर्यंत गेलो. आता तिथे एस्टीचा थांबा आहे. सवयीनं हात वर गेला आणि मी तो तसाच मागे घेतला. तेव्हा माझा राग निवला. श्रीपत माझ्याआधी गेला यात नवीन ते काय? तो कायमच पहिला पोचायचा. हात लावायचा नाही, एवढंच. किसन आणि उत्तम पुढे गेले असले, तरी त्यांनाही त्यानं अडवून धरलं असणार, आणि आता तिकडे पाठ आणि इकडे तोंड करून तिघंही माझ्या नावानं शंख करत असतील.

येतो रे श्रीपत. पण मी काही पळत येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.