खुरपणी : नाही

तणनाशकाचे दाणे मी पाण्यात कालवले आणि पंपात ओतले. ही चूक माझी. ती आधी कबूल केल्याशिवाय पुढं चिडायचा मला हक्क नाही.

तणनाशक म्हणजे पाठीवर पंप, एवढंच वीस वर्षं डोक्यात बसलेलं. तसा कंपनीचा माणूस घरी येऊन सगळं समजावून गेला होता. दाणे भाजलेल्या चिकणमातीचे. अंगभर नजरेला न दिसणारी छिद्रं, त्यांत औषध मुरवलेलं. रानात ओल असली की माठ पाझरावा तसं ते थोडं थोडं बाहेर येणार. एकदम सुटणार नाही, पाण्याबरोबर वाहून जाणार नाही, आणि कांदा मोठा होईपर्यंत तणाला डोकं वर काढू देणार नाही. मी मान डोलवत होतो. मान डोलायला लागली की माझे कान बंद होतात, हे आमच्या हिचं जुनं निदान आहे.

तिसऱ्या पावलाला नोझल तुंबलं. बाभळीच्या काट्यानं कोरलं, पुन्हा तुंबलं. बांधावरून ही म्हणाली, "अहो, ते हातानं फेकायचं होतं ना?"

दोन वाफे वाया गेले. उरलेले दाणे हातमोजे घालून नीट फेकले, पाणी दिलं. कंपनीनं आमचं रान प्रात्यक्षिकाला निवडलं होतं, म्हणून बांधावर पाटी लागली. वर माझं नाव, मग पीक, आणि खाली ठळक अक्षरांत 'खुरपणी : नाही'. फरक दिसावा म्हणून शेजारचे चार वाफे औषधाविना सोडले.

महिन्याभरात फरक दिसला, पण भलताच. काही वाफे खरोखर स्वच्छ. काहींत मात्र घोळ, लव्हाळा असलं तण असं माजलं की कांद्याची पात शोधावी लागे. मी स्वतःलाच बोल लावला. मूठ कमीजास्त पडली असेल, चढाच्या बाजूला पाणी पोचलं नसेल. त्या माणसाला फोनावर फोन केले. वाटलं, येईल, बघेल, वहीत काही लिहून नेईल.

तो उगवला शिवारफेरीच्या आदल्या दिवशी. गावोगावचे शेतकरी आमचं रान बघायला यायचे होते. वाफ्यांकडं बघून म्हणाला, "काका, सकाळी बाया मिळतील का?"

"कशाला?"

"जरा साफ करून घेऊ. फोटो निघतात, साहेब येतात."

"आणि पाटी?"

"पाटी राहू द्या की."

आणि मी काय केलं? बाया सांगितल्या. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. शिवाय तो मला 'प्रगतिशील शेतकरी' म्हणाला होता. तेवढ्यावर मी आठवडाभर ताठ चाललो असतो.

उजाडताच मजुरीच्या टोळीतल्या सहा बाया खुरपी घेऊन ओळीनं बसल्या. त्यांच्याबरोबर आमची हीसुद्धा. त्या चार वाफ्यांना हात लावू नका, असं मी बजावलं, तशी टोळीची पुढारीण थांबली.

"का वं दाजी, त्या चार वाफ्यांनी काय घोडं मारलंय?"

"त्यांच्यात औषध नाही."

"आन् ह्यांच्यात?"

मी चपलेतला खडा काढायला वाकलो. खडा नव्हता.

"ह्यांच्यात आमी हाय," ती म्हणाली, आणि सगळी ओळ खदखदून हसली.

दहाला गाड्या लागल्या. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. कंपनीचा माणूस माईकवर छिद्रांची गोष्ट सांगत होता, आणि फार छान सांगत होता. माझा चुलत भाऊ शेजारी उभा होता. त्याच्या तीन एकर कांद्याची लागण चारच दिवसांपूर्वी झालेली. तो कानाशी लागला, "दादा, तुझं रान बघून मी बी हेच घेतो. टोळीला आजच नको म्हनून सांगतो."

 आमच्याकडं टोळीला एकदा नको म्हटलं की ती दुसऱ्या गावाला शब्द देते. मग तण माजलं तरी बाया मिळत नाहीत, आणि अख्खा कांदा गवतात जातो.

मग मात्र मस्तकात सणक गेली. दाण्यांवर माझा राग नव्हता. असं औषध जमलं तर हवंच आहे. विहिरीत उतरणार नाही, घालावंही कमी लागेल. पण ते कुठं जमलं आणि कुठं फसलं, हे सांगणारं एकुलतं एक रान आम्ही सकाळीच खरडून टाकलं होतं. खोट माझ्या मुठीत होती, पाण्यात होती की दाण्यात होती? कुणाला जाणूनच घ्यायचं नव्हतं! पाटीवर नाव माझं, हात आमच्या बायांचे, साक्ष माझ्या तोंडची, आणि बुडणार कोण, तर माझा भाऊ!

माईक हातात आला तेव्हा आवाज चिरकला. "खुरपणी झालेली आहे," मी म्हणालो. "आजच सकाळी. सहा बाया होत्या. गवत त्या लिंबाखाली पडलंय, जाऊन बघा. आणि दाणे पंपात घातले होते, तो गाढवपणा माझा."

कोणीतरी हसलं. माईक खरखरला आणि बंद पडला, का पाडला गेला. माणसं लिंबाकडं निघाली. भाऊ फोन कानाला लावून बांधानं चालू लागला, आणि मला एवढंच ऐकू आलं, "मावशी, शनवारी याच बरं का. समद्या जनी."

जाताना कंपनीचा माणूस म्हणाला, "काका, हे आधी सांगायचं ना." आधी! महिनाभर माझा फोन कोण उचलत नव्हतं?

घरी येऊन मी ओट्यावर बसलो. कौतुक होईल अशी थोडी आशा होती, नाही कशाला म्हणू? हिनं चहा पुढं ठेवला.

"खरं बोललात, बरं केलंत," ती म्हणाली. "पण सहा नाही, सात होतो आम्ही."