खोली नंबर अकराची पहिली आवृत्ती

जगात वाचणारे, न वाचता पुस्तकं कपाटात मांडणारे आणि आमचे थोरले साडू असे तीनच प्रकार आहेत. मी दुसऱ्या प्रकारातला. त्यामुळे गिरगावात त्यांच्याकडे गेलो की ते मला आधी हात धुवायला लावतात आणि मग पुस्तक दाखवतात, तेही लांबूनच. त्यांना हवी फक्त पहिली आवृत्ती. "दुसरी म्हणजे लग्नाचा व्हिडिओ," ते म्हणतात, "जेवण कुठे असतं त्यात?" पण पुस्तक मिळून त्यांचं भागत नाही. ते आधी कोणाकडे होतं, याचा छडा लागेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. पानावरचा हळदीचा ठसा पाहून "बाई आमटी ढवळताना वाचत होती" असं ते सांगतात, आणि पुढचे चार महिने त्या बाईच्या नातवंडांना फोन करत बसतात. स्वतःचं नाव मात्र त्यांनी एकाही पुस्तकावर घातलेलं नाही. म्हणतात, "आपण मधले."

मध्यंतरी दादरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना एका कादंबरीची पहिली आवृत्ती मिळाली. (नाव सांगितलं तर ते माझ्याशी बोलणं टाकतील.) पहिल्या पानावर एका कृष्णाचं नाव आणि काळाचौकीच्या एका चाळीतली खोली नंबर अकरा. निम्म्यावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'इथवर कमलला वाचून दाखवलं.' त्यापुढची पानं कोरी करकरीत, बोटाचा डाग नाही. साडूंची झोप उडाली. "अरे, कमलने पुढचं ऐकलं की नाही?"

चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे. तिथे जाऊन साडूंनी वॉचमनला विचारलं, "अकरा नंबरात पूर्वी कोण राहायचं?" पुनर्विकास झालेल्या इमारतीत यापेक्षा भयंकर प्रश्न नसावा. पाच मिनिटांत सेक्रेटरी फाईल घेऊन खाली आले आणि साडूंना फाटकाबाहेर पोचवून गेले. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी मला नेलं. कुणाची जागा लाटण्याची धमक माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही, असं त्यांचं मत. आमची ही गेली पंचवीस वर्षं तेच सांगते आहे.

या वेळी सेक्रेटरींनी आम्हाला बाराव्या मजल्यावर, जुन्या अकरा नंबरवाल्यांच्या दारी नेलं, फाईलसकट. दार एका पन्नाशीच्या गृहस्थाने उघडलं. साडूंनी कमलताईंना विचारताच तो दारात आडवा झाला. "आईचं नाव कोणी दिलं? काका, खोली मामाने आमच्या नावावर केलेली. पेपर क्लिअर आहेत."

"मला खोली नको. पान एकशे बारा हवंय," साडू म्हणाले आणि त्यांनी समासातली ओळ मोठ्याने वाचली.

आतून एक म्हातारी भिंत धरत आली. तिने हात न धुताच पुस्तक घेतलं आणि चांगलं उताणं पसरलं. मी साडूंकडे बघायचं टाळलं.

"दादाचा पुस्तक. तो गेलो आणि मीच रद्दीत घातलंय. माका वाचूक येणा नाय," ती म्हणाली. "रोज वाचून दाखवी. मगे माझा लगीन झाला. पुढचा आयकूचा रवलाच."

 मग साडूंनी चष्मा लावला आणि पान एकशे तेरापासून वाचायला सुरुवात केली. म्हातारीचा पोरगा दारातून बाजूला झाला. सेक्रेटरी फाईल मांडीवर घेऊन बसले.

आता साडू दर रविवारी काळाचौकीला जातात. पुस्तक तिथेच असतं, म्हातारीच्या उशाशी. त्यांच्या कपाटात एवढीच एक फट आहे, आणि ती ते मला मोठ्या अभिमानाने दाखवतात, हात न धुता. परवा मीही सोबत गेलो होतो. समासात दादाच्या ओळीसारखीच ओळ आता जागोजागी दिसते, साडूंच्या अक्षरात, खाली नाव नाही. आधी दोन ओळींमध्ये दहा पानांचं अंतर असायचं. मग पाच झालं. गेल्या रविवारी दीड पान. उरलेली पानं मी चिमटीत धरून पाहिली, आणि साडूंनी हळूच माझा हात बाजूला केला.