निवत ठेवलेल्या मुशी

गलोंड्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेची साफसफाई करते. तिथे एक साहेब आहेत. लोखंडाच्या दगडाचा चुरा कोळशाच्या भुकटीत मिसळून ते मुशींत, म्हणजे आग सोसणाऱ्या छोट्या भांड्यांत, भरतात, मुशी भट्टीत ठेवतात आणि दर दहा मिनिटांनी एक बाहेर काढतात. वजन किती घटलं त्यावरून लोखंड किती वेगाने सुटतं, याचं गणित मांडतात. काहीही विचारा, आधी "बघू" म्हणतात. समोर चहा ठेवला तरी "बघू". चेहरा कायम थकलेला.

परवा निवत ठेवलेल्या मुशी उचलून मी टेबल पुसलं आणि पुन्हा नीट रांगेत मांडल्या. मुशीवरचे आकडे भट्टीत जळून जातात, म्हणून कोणती मूस कधी काढलेली हे साहेब रांगेतल्या तिच्या जागेवरूनच ओळखतात, हे मला ठाऊक नव्हतं. तीन दिवसांचं काम वाया गेलं.

मॅनेजर आले. "त्या सफाईवाल्या बाईने हलवल्या ना? उद्यापासून बंद करतो तिला."

"नाही, माझ्याच हातून झालं," साहेब म्हणाले.

"इतकी वर्षं काम करून? आता मीटिंगमध्ये काय, रिकामी भट्टी दाखवू?"

साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. मी दाराशी फडकं पिळत उभी होते. खरं सांगायला हवं होतं, पण तोंड उघडलंच नाही.

मॅनेजर गेल्यावर साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ताई, कपाटातल्या नव्या मुशी द्या," म्हणाले.

मी एकेक देत गेले. ते भरत गेले. मी एकदाही वर पाहिलं नाही.